युटीएमच्या जबड्यात सळई सरकते? दात बदलण्याआधी पाचरीची पाठ बघा

सळई ताणायला लावली, लोड चढू लागला आणि वीस-पंचवीस किलोन्यूटनला ‘टक्’ आवाज होऊन आकडा खाली आला. पुन्हा चढला, पुन्हा टक्. जळगाव, धुळे, भुसावळ, शिरपूर या पट्ट्यातल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत आणि बांधकामाची सळई तपासणाऱ्या लॅबमध्ये ४०, ६० किंवा १०० टनी हायड्रॉलिक युटीएमवर, म्हणजे नमुना ताणून किंवा दाबून त्याची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, हा नेहमीचा बिघाड. त्यावर ठरलेला निदानही एकच: सळई धरणाऱ्या जबड्यांचे दात गेले, नवा सेट मागवा. नवा सेट येतो, काही दिवस बरा चालतो आणि पुन्हा टक्. दोष बऱ्याचदा दातांत नसतो, जबड्याच्या पाठीत असतो. तिथे कुणी बघत नाही, कारण जबडा खोबणीतून पूर्ण बाहेर काढल्याशिवाय पाठ दिसतच नाही.

खालच्या तपासण्या फुकटापासून महागाकडे जातात. क्रम मोडू नका. वरची एक पायरी गाळून खालच्या पायरीवर खर्च केला, तर बिघाड गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात तो परत येतो.

लक्षणं

- लोड चढताना मध्येच टक् आवाज, आकडा झटक्यात खाली आणि मग पुन्हा वर. आलेखावर करवतीचे दात दिसतात.
- क्रॉसहेड (यंत्राचा जबडे धरणारा आडवा भाग) चालतंय, विस्थापन वाढतंय, पण लोड जागचा हलत नाही. आवाजही नाही. ही संथ सरक.
- सळई जबड्याच्या आत किंवा तोंडाशीच तुटते.
- तुटल्यावर सळई बाहेर काढली की दातांचे ठसे ठिपक्यांसारखे नसून ओढलेल्या रेघोट्यांसारखे दिसतात.
- चाचणी संपली तरी जबडा सुटत नाही, हातोड्याने ठोकावा लागतो.

शेवटचं लक्षण लोक बिघाडात धरतच नाहीत. ‘जबडे घट्ट बसलेत, चांगलंच आहे’ असं म्हणतात. पण जो जबडा सुटताना अडतो तो आवळतानाही अडलेला असतो. निदान इथूनच सुरू करा.

दुसरं लक्षण फसवं आहे. विस्थापन वाढतंय आणि लोड थांबलाय, म्हणजे सळई ‘यील्ड’ झाली, कायमची लांबू लागली, असं समजून आकडा लिहिला जातो. यासाठी चाचणीआधीच एक हिशोब कागदावर मांडून ठेवावा. आयएस १७८६ या भारतीय मानकाप्रमाणे एफई ५०० किंवा ५०० डी दर्जाच्या सळईचा यील्ड किमान ५०० न्यूटन प्रति चौरस मिमी हवा. म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळाने गुणलं तर ८ मिमी सळईला तो किमान २५.१ किलोन्यूटनला यायला पाहिजे, १० मिमीला ३९.३, १२ मिमीला ५६.५, १६ मिमीला १००.५, २० मिमीला १५७.१ आणि २५ मिमीला २४५.४ किलोन्यूटनला. १२ मिमीच्या सळईत ३० किलोन्यूटनला पायरी आली, तर सळईला नावं ठेवण्याआधी जबड्यात बघा. खरा यील्ड आवाज करत नाही, सरक बहुधा करते. पायरीच्या दोन्ही बाजूंची रेघ सारख्याच चढाची असेल तर ती सरकच. यील्डनंतरची रेघ आधीच्या चढाने कधीच चढत नाही.

झालेल्या चाचणीचं काय ठेवायचं, काय टाकायचं

सरक झाली म्हणून सगळं वाया जात नाही. सळई शेवटी मधोमध, जबड्यांपासून लांब तुटली असेल तर कमाल लोड खरा धरता येतो. कारण जबड्यात काहीही घडलं तरी तुटताना सळईवर तेवढं बल होतंच. तुटल्यानंतरचं टक्केवारीतलं लांबणंही खरं, कारण ते सळईवरच्या खुणांमध्ये मोजतात. टाकायचा तो क्रॉसहेडच्या विस्थापनावरून काढलेला यील्ड किंवा ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस (०.२ टक्के कायमचं लांबणं होतं तो ताण). त्या विस्थापनात सरक, जबड्यांचं बसणं, स्क्रूंचा ताण असं सगळंच मिसळलेलं असतं. एक्स्टेन्सोमीटर, म्हणजे लांबणं मोजणारं उपकरण, सळईवरच बसवला असेल तर तो या गोंधळापासून बराच वाचतो. मात्र झटक्याने त्याच्या सळईला टेकलेल्या धारा हलल्या नाहीत ना, ते बघून घ्यावं.

सळई जबड्यात तुटली आणि आकडा मर्यादेच्या खाली आला, तर माल नापास करू नका, दुसरा तुकडा लावा. आयएसओ १५६३०-१ या आंतरराष्ट्रीय मानकात यासाठी सोपी खूण आहे: जबड्यात किंवा जबड्यापासून २० मिमी अथवा सळईचा व्यास, यांपैकी जे जास्त असेल त्याच्या आत तुटलं, तर ती चाचणी अग्राह्य धरता येते.

पकड कशी धरते

कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकलेली पाचर आठवा. जबडा ही तशीच पाचर. पुढच्या अंगाला दात, मागचं अंग तिरकं आणि गुळगुळीत. सळई ओढली जाते तसे दात तिच्यासोबत थोडे ओढले जातात, जबडा तिरक्या खोबणीतून घसरतो आणि खोबण अरुंद होत जाते म्हणून तो सळईला अधिक आवळतो. जेवढी ओढ जास्त तेवढी पकड घट्ट. अट एकच: जबडा पाठीवर सहज घसरला पाहिजे आणि दातांवर अजिबात घसरता कामा नये.

हिशोबात मांडलं तर दातांकडचा घर्षणकोन (ज्याचा ‘टॅन’ घर्षणांकाइतका तो कोन) हा पाचरीचा उतार आणि पाठीचा घर्षणकोन यांच्या बेरजेपेक्षा मोठा हवा. समजा उतार १० अंशांचा आहे. पाठ ग्रीस लावलेली, घर्षणांक ०.१, म्हणजे कोन सुमारे ५.७ अंश. बेरीज १५.७ अंश. दातांकडे ०.२८ घर्षणांक मिळाला की काम भागलं, आणि झिजत आलेले दातही एवढं सहज देतात. आता पाठ गंजली, घर्षणांक ०.३ झाला, तर कोन १६.७ आणि बेरीज २६.७ अंश होते. आता दातांकडे ०.५० लागतो. दात तेच, सळई तीच, गरज जवळजवळ दुप्पट. म्हणून नवे तीक्ष्ण दात आणले की काही दिवस निभतं आणि त्यांची धार थोडी बसली की पुन्हा टक् सुरू होतं.

खानदेशात ही पाठ बिघडायला दोन ऋतू पुरतात. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ उघड्या ग्रीसवर बसते आणि त्याचा खरवडणारा लेप होतो. मग मृगाचा पाऊस पडतो, कॉलेज सुट्टीत बंद असतं, आणि जुलैत पहिलं प्रात्यक्षिक लावलं की जबडा खोबणीत चिकटलेला. एप्रिल-मेमध्ये पाण्याचा कूलर थेट यंत्रावर सोडणं हाही त्यातलाच प्रकार. माणसाला गारवा, जबड्याला गंज.

पहिली तपासणी: सळईचा तुकडा (खर्च शून्य)

*सरळपणा.* साइटवर सळई मधोमध दुमडून ट्रकने येते. त्या दुमडीजवळचा तुकडा चाचणीला घेऊ नका. वाकवून सरळ केलेल्या पोलादाचा यील्ड बदललेला असतो, आणि किंचित वाक राहिला तरी जबड्याच्या तोंडाशी वाकण्याचा जास्तीचा ताण येऊन सळई तिथेच तुटते. तुकडा फरशीवर लोटून बघा. डुगडुगत गडगडला तर बाजूला ठेवा.

*लांबी.* ६० टनी यंत्रावर साधारण ६०० मिमीचा तुकडा सोयीचा पडतो. साइटवरून ४०० मिमीचे तुकडे आले की वरच्या आणि खालच्या जबड्यात अर्धी-अर्धी पकड देऊन भागवलं जातं, आणि सरकेचं अर्धं कारण तिथेच असतं. जबड्याच्या उंचीच्या निदान तीन-चतुर्थांश भागात सळई गेलीच पाहिजे, पूर्ण गेली तर उत्तम. अर्धवट पकडीत जबड्याचं रिकामं टोक आत झुकतं, सगळा जोर तोंडाच्या चार दातांवर येतो आणि ते दात आधी झिजतात, मग तुटतात.

*टोक.* कात्रीने कापलेल्या टोकाचा फुगलेला काठ जबड्याच्या व्ही-खाचेत, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेत, बसत नाही. तो ग्राइंडरने काढून टाका. मात्र सळईच्या रिब (अंगावरच्या उंच कडा) घासून किंवा लेथवर धरून ‘पकड बसावी’ म्हणून व्यास कमी करू नका. टीएमटी (गरम लाटून पाण्याने झटपट थंड केलेल्या) सळईची बाहेरची कडक साल आणि आतला मऊ गाभा मिळून तिची ताकद बनते. साल काढली की ती सळईच दुसरी झाली.

*खपली (पोलादावरचा सुटणारा काळपट थर) आणि तेल.* पकडीत जाणारे दोन्ही टोकांचे शंभर-सव्वाशे मिमी तारेच्या ब्रशने घासा, मग थिनर किंवा ॲसिटोनच्या चिंधीने पुसा. रॉकेल वापरू नका, ते पुसल्यावरही पातळ तेलकट थर ठेवतं. खपली सळईवरून सुटून दातांच्या फटीत भरते आणि दहा-बारा चाचण्यांनंतर तीक्ष्ण दातही गुळगुळीत जबड्यासारखा वागू लागतो.

दुसरी: जबडा सळईच्या मापाचा आहे का

प्रत्येक जबड्यावर व्यासाची मर्यादा कोरलेली असते, उदाहरणार्थ १० ते २५. ८ मिमीची सळई त्यात लावली तर दोन्ही जबडे सळईला आवळण्याआधी एकमेकांनाच टेकतात. बाहेरून सगळं घट्ट दिसतं, सळई मात्र सैल. सळई लावल्यावर दोन जबड्यांच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. दिसला नाही तर लहान मापाचा सेट घ्या. कागदाची घडी किंवा पत्र्याचा तुकडा सळईभोवती गुंडाळून माप वाढवायचा प्रयत्न करू नका.

उलट बाजूही बघा. मापाच्या खालच्या टोकाची सळई लावली की जबडा खोबणीतून फार पुढे येतो आणि तोंडाबाहेर डोकावतो. डोकावणाऱ्या भागाला मागून आधार नसतो, आणि जबड्याला तडा तिथूनच सुरू होतो. यंत्रासोबत पाठीमागे घालायच्या पट्ट्या, म्हणजे लायनर, मिळाल्या असतील तर त्या घालून जबडा मागे घ्या. दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीच्या. एका बाजूला पट्टी आणि दुसरीकडे नाही, असं झालं तर सळई मधल्या रेषेतून सरकते आणि तिला ताणासोबत वाकही मिळतो.

टीएमटीच्या दोन उभ्या रिब असतात. त्या दोन जबड्यांमधल्या फटीकडे ठेवा. रिब व्ही-खाचेच्या उतारावर बसली तर सळई तिच्यावर डुलते.

तिसरी: दात साफ करणं

पितळी तारेचा ब्रश, दातांच्या आडव्या रेषेत. पोलादी ब्रशनेही दात लगेच जात नाहीत, पण रोजच्या वापराला पितळच बरं. फटीत दाबून बसलेली खपली जुन्या हॅक्सॉ ब्लेडच्या टोकाने उकरा, मग थिनर. साफ झाल्यावर टॉर्चचा उजेड तिरका पाडा. धारदार दाताचं टोक चमकत नाही. टोकांवर चकाकत्या रेघा दिसल्या तर टोकं चपटी झालीत. कानस किंवा करवत बोथट झाली की धारवाला अशाच चकाकीवरून ओळखतो. पूर्ण उंचीवर रुंद रेघा असतील तर दात खरंच गेले. फक्त तोंडाकडच्या तीन-चार दातांवर असतील तर दात बदलू नका, आधी पुढची तपासणी करा, कारण झीज तोंडाशीच होण्याचं कारण मागे आहे.

चौथी: पाचरीची पाठ (इथे घाई नको)

यंत्र बंद करा, मेन स्विच खाली ओढा. जबडे बाहेर काढा. मोठ्या यंत्राचा जबडा जड असतो, वरून निसटला तर खाली बोटं सापडतात, म्हणून दोघांनी काढा. काढतानाच कुठला वरचा-खालचा, कुठला डावा-उजवा हे खडूने किंवा मार्करने लिहून ठेवा. चारही जबडे सारखेच दिसतात, पण झिजून ते आपापल्या जागेला बसलेले असतात.

आता पाठ बघा. एकसारखा करडा, हलका चकाकता पृष्ठभाग ठीक. तपकिरी ठिपके म्हणजे गंज. उभ्या खोल चऱ्या म्हणजे खपलीचा कण पाठीमागे अडकून घासला गेला. फक्त वरच्या किंवा फक्त खालच्या टोकाला चकाकी असेल तर जबडा खोबणीला पूर्ण टेकतच नाही.

जुनं ग्रीस पूर्ण काढा. त्यावर नवं चोपडू नका, आत अडकलेली धूळ तशीच राहते. थिनरने खोबणीही पुसा, विशेषतः डव्हटेलचे (आत रुंद होणाऱ्या खाचेचे) कोपरे, तिथे खपलीचा चुरा साठतो. हलका गंज बारीक पॉलिश पेपरने तेल लावून हाताने काढा. ग्राइंडर किंवा फ्लॅप व्हील लावू नका. पाठीचा सपाटपणा आणि उतार एवढ्याशाने बिघडतो आणि तो परत मिळत नाही.

मग मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं ग्रीस, ज्याला दुकानात ‘मॉली ग्रीस’ म्हणतात, ते पाठीला आणि खोबणीला बोटाने पातळ लावा. खालचा पोलादाचा रंग अंधुक दिसावा इतकंच. साधं पिवळं ग्रीस दाबाखाली पिळून बाहेर येतं आणि वितळून दातांवर उतरतं. चेसिसचं जाड ग्रीस धूळ धरून ठेवतं. दातांना ग्रीसचं बोट लागलं तर लगेच थिनरने पुसा, नाहीतर केलेली मेहनत उलटी फिरते.

जबडा परत बसवल्यावर हाताने वर-खाली करून बघा. कुठेही न अडकता तो पूर्ण प्रवास करायला हवा, आणि हँडल फिरवल्यावर दोन्ही जबडे एकाच उंचीवर सोबत यायला हवेत. एक पुढे, एक मागे असेल तर रॅक-पिनियनचा, म्हणजे जबडे हलवणाऱ्या दातेरी पट्टी-चक्राचा, एखादा दात चुकीचा बसलाय. काढून पुन्हा बसवा. ही चूक साफसफाईनंतरच होते, म्हणून इथे सांगितली.

रोज सळई तपासणाऱ्या लॅबमध्ये हे काम महिन्यातून एकदा करावं. कॉलेजात सत्राच्या सुरुवातीला आणि सुट्टी लागण्याआधी. सुट्टीआधी करताना दातांनाही गंजरोधक तेल लावून ठेवा आणि उघडल्यावर ते पुसून काढा. सरकेच्या तक्रारी बहुतेक या पायरीवरच संपतात.

पाचवी: लावण्याची पद्धत

सळई आधी वरच्या जबड्यात धरा. खालचा जबडा मोकळा असतानाच लोडचा आकडा शून्य करा, आणि एकदा शून्य केल्यावर चाचणी संपेपर्यंत हात लावू नका. हायड्रॉलिक यंत्रात शून्य करण्याआधी पिस्टन थोडा उचलून तरंगता करावा लागतो, नाहीतर हलणाऱ्या भागांचं वजन आकड्यात शिरतं. दोन्हीकडे घट्ट धरल्यावर शून्य दाबायची सवय अनेक ठिकाणी आहे. जबडे आवळताना सळईवर आलेलं बल मग कायमचं लपतं.

खालचा जबडा लावल्यावर हँडल सोडून देऊ नका. लोड किंचित येईपर्यंत, १२ मिमीसाठी एक-दोन किलोन्यूटनपर्यंत, हाताने आवळलेलं ठेवा. पाचर सुरुवातीला सळईत रुतली नाही तर ती नंतर स्वतःहून आवळत नाही, आणि पहिला टक् इथेच होतो.

वेग. आयएस १६०८ हे ताण-चाचणीचं मानक पोलादासाठी लवचिक टप्प्यात (यील्डच्या आधी) ताण सेकंदाला ६ ते ६० न्यूटन प्रति चौरस मिमी या वेगाने वाढवायला सांगतं. १२ मिमीच्या सळईत ते सेकंदाला सुमारे ०.७ ते ६.८ किलोन्यूटन होतं. व्हॉल्व्ह एकदम उघडून पहिल्या दोन सेकंदांत वीस किलोन्यूटन चढवला, तर दात रुतायला वेळच मिळत नाही. त्याच मानकात चाचणीच्या खोलीचं तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस धरलंय. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा चाळिशीपार असताना पत्र्याच्या शेडमध्ये घेतलेली चाचणी त्यात बसत नाही. सकाळी लवकर घ्या किंवा एसी लावा. उन्हात ठेवलेले तुकडेही खोलीत आणून निवू द्या.

मध्येच वीज गेली तर रिलीज व्हॉल्व्ह हळू उघडून लोड उतरवा. यील्ड ओलांडलेला तुकडा पुन्हा ताणून यील्ड काढू नका, तो पहिल्यापेक्षा वरच येईल.

सहावी: दोष जबड्यात की यंत्रात

दोन सोप्या कसोट्या आहेत. पहिली: वरचे जबडे खाली आणि खालचे वर लावा, खाली-वरची दिशा सांभाळून. तुमच्या यंत्रात ते अदलाबदल करता येत असतील तरच. सरक जबड्यांसोबत गेली तर दोष जबड्यात, जागेवरच राहिली तर खोबणीत.

दुसरी: सरक की हायड्रॉलिक? खालचं क्रॉसहेड आणि टेबल यांमध्ये पोलादाचा सपाट ठोकळा ठेवून दाबाची चाचणी अगदी हळू घ्या आणि ५० किलोन्यूटनला थांबा. इथेही आकडा करवतीसारखा उड्या मारत असेल तर जबड्यांचा काही संबंध नाही. पंप, व्हॉल्व्ह किंवा तेलात हवा, असं काहीतरी आहे. या कसोटीला दहा मिनिटं लागतात.

सातवी: सळईवरचे ठसे वाचा

तुटलेल्या सळईची टोकं फेकू नका. यंत्राने स्वतःच लिहून दिलेला अहवाल तो. पकडीचा भाग पांढऱ्या कागदावर ठेवून चारही बाजूंनी बघा.

पूर्ण लांबीवर, चारही ओळींत सारख्या खोलीचे ठिपके: पकड उत्तम. सगळीकडे रेघोट्या: सरक, पाठ किंवा दात. तोंडाकडे खोल आणि आत जाताना पुसट: जबडा मागे टेकत नाही, खोबण तोंडाशी पसरली आहे किंवा सळई पुरेशी आत गेली नव्हती. आतल्या टोकाला खोल, तोंडाशी पुसट: पाठीमागे आतल्या कोपऱ्यात चुरा अडकलाय. एका बाजूच्या दोन ओळी खोल आणि समोरच्या पुसट: एक जबडा मागे राहिला किंवा लायनर विषम. फक्त रिबवर ठसे, मधल्या सालीवर काहीच नाही: दात रिबवरच अडकलेत, आत रुतले नाहीत. हे लहान व्यासाच्या सळईत आणि बोथट दातांत दिसतं.

तोंडाशी तुटणाऱ्या सळईच्या बाबतीत पहिल्या दाताचा ठसा बघा. नव्या जबड्यांची तोंडाची कड कधीकधी अगदी सुरीसारखी राहून गेलेली असते. ती कड, दात नव्हे, तेलदगडाने हलकी मोडली तर तोंडाशी तुटणं कमी होतं. मऊ तार किंवा पातळ पट्टी दातांशीच तुटत असेल, तर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा मध्ये घालता येतो. सळईला तो उपाय नाही.

आठवी: रेषा जुळते का

गवंड्याचा ओळंबा घ्या. वरच्या जबड्यांत मधोमध धरलेल्या सरळ सळईच्या तळाच्या केंद्रातून ओळंबा सोडा आणि तो खालच्या व्ही-खाचांच्या मधोमध पडतो का ते पाहा. दोन-तीन मिमीचा फरक डोळ्यांना दिसतो. दिसला, तर आधी लायनर आणि जबड्यांची जोडी तपासा, बहुधा तिथेच उलगडा होतो. सगळं बरोबर असूनही फरक राहिला, तर तुमच्या हातातलं संपलं, पुढचं काम सर्व्हिसच्या माणसाचं. क्रॉसहेडच्या स्क्रूंची लेव्हल स्वतः बदलायला जाऊ नका.

नवे जबडे घ्यायची वेळ

दातांची टोकं पूर्ण उंचीवर चपटी झाली, कोपरा उडाला किंवा तडा दिसला, तर घ्या. तड्याची शंका असेल तर लाल पेनिट्रंट आणि पांढऱ्या डेव्हलपरच्या फवाऱ्यांचा संच वेल्डिंगचं साहित्य विकणाऱ्यांकडे मिळतो. पृष्ठभाग साफ करून लाल फवारा, डब्यावर सांगितलेला वेळ थांबून पुसणं, मग पांढरा. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की तो जबडा त्या क्षणी बाद.

चपटे दात गावातल्या वर्कशॉपमध्ये पुन्हा कापून घेणं स्वस्त वाटतं, पण जबडे कठीण केलेले असतात. ग्राइंडिंगच्या उष्णतेने धार मऊ पडते, शिवाय दोन जबड्यांची जाडी वेगळी होते. वेल्डिंगचा थर देणं तर नकोच. चारचा पूर्ण सेट घ्या, निदान जोडी तरी. एक जुना आणि एक नवा जबडा समोरासमोर लावू नका. नुसते जबडे बदलले म्हणून यंत्राचं कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागत नाही. लोड सेल, प्रेशर ट्रान्सड्यूसर (बल आणि तेलाचा दाब मोजणारे भाग) किंवा हायड्रॉलिक भाग उघडला, अथवा यंत्र सोडवून हलवलं, तर करावं लागतं.

प्लास्टिक आणि धाग्यासाठी वेगळं थोडं

जळगावकडे पीव्हीसी, एचडीपीई आणि ठिबकच्या नळ्यांचे नमुने लहान युटीएमवर येतात. तिथली सरक वेगळ्या कारणाने होते. एचडीपीई ताणल्यावर पातळ होत जातं आणि स्क्रूने एकदाच आवळलेली पकड त्याच्यामागे जात नाही. लांबणं कित्येकशे टक्के असताना अर्ध्यातच नमुना निसटतो. आपोआप आवळणारी किंवा हवेच्या दाबाची पकड हाच खरा इलाज. तोवर ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर, खरखरीत बाजू नमुन्याकडे करून, पकडीत घालता येतो. स्क्रू जास्त पिळला तर डंबेलच्या आकाराच्या नमुन्याच्या खांद्याशी फाटतं.

केळीच्या खोडाचा धागा, रावेर-यावलकडून येतो तो, थेट पकडीत धरू नका. जाड कागदाच्या चौकटीवर दोन्ही टोकं चिकटवा, चौकट पकडीत लावा आणि लोड देण्याआधी चौकटीच्या बाजू कात्रीने कापा.

इथे थांबा

पुढचं काही दिसलं तर यंत्र बंद करून उत्पादकाच्या किंवा अनुभवी सर्व्हिसच्या माणसाला बोलवा:

- क्रॉसहेडच्या खोबणीत किंवा डव्हटेलमध्ये तडा, किंवा खोबणीचं तोंड पसरलेलं.
- स्क्रू किंवा कॉलम वाकलेला, खालचं क्रॉसहेड चालताना एका बाजूने अडखळतं.
- ठोकळ्याच्या कसोटीतही लोड टिकत नाही किंवा उड्या मारतो.
- रिकामं यंत्र असताना आकडा शून्यावर परत येत नाही.
- पकड हायड्रॉलिक असून तेल गळतं. ती गळती उघड्या हाताने तपासू नका, बारीक फवारा कातडीत शिरतो.
- जबडा अडकलाय आणि लोड पूर्ण उतरवूनही, पितळी दांड्याने हलकं ठोकूनही सुटत नाही. पोलादी हातोड्याने कठीण जबड्यावर घाव घालू नका, कपची उडून डोळ्यात जाते. पुढचा नमुना लोड देऊन ‘आपोआप सुटेल’ असंही करू नका.

चाचणी चालू असताना जाळी किंवा पारदर्शक आडोसा लावलेला असावा. सळईच्या रेषेत कुणी उभं राहू नये आणि लोड असताना जबड्याजवळ बोट जाऊ नये. २५ मिमीची सळई तुटताना साठवलेली ऊर्जा एकदम सुटते आणि सैल जबडा खोबणीतून उडी मारू शकतो.

सर्व्हिसला फोन करताना यंत्राची क्षमता आणि मॉडेल, जबड्यावर कोरलेलं माप, जबड्याची उंची आणि जाडी, ठोकळ्याच्या कसोटीचा निकाल आणि जबडे अदलाबदल केल्यावर काय झालं, हे लिहून हाताशी ठेवा. ठसे असलेली सळईची दोन टोकं, एक वरचं आणि एक खालचं, खुणा करून त्या माणसाला दाखवायला ठेवा.